खापरपणजी

बत्तीस वर्षं मी खापरांची चित्रं काढली,
विद्यापीठाच्या मागल्या खोलीत, उत्तरेच्या उजेडात.
डावीकडे छेद, उजवीकडे बाहेरचं अंग,
मधे एक उभी रेघ.
त्या रेघेवर अख्खा घडा तोललेला असतो,
नसलेला.

शनाभाई धुवायचे. निळ्या टबात, दातांच्या ब्रशानं.
शंका आली की तुकडा जिभेला लावायचे.
अकोट्याच्या एका पायाखणतीतून पोतंभर माल आला,
त्यात एक कान होता, रांजणाचा,
जाड, पिवळट, बोटाला कचकचणारा.
शनाभाईंनी चाटला, तोंड पुसलं, म्हणाले,
"बेन, आ माटी आपणी नथी."
पुस्तकातून आम्हाला ते कळायला
तीन आठवडे लागले.

आता निवृत्त. मुलानं पैसे भरले,
आणि रावपुऱ्यातून आम्ही एकोणतीस जण निघालो
खाखरे, थेपले, गुडघ्यांचे पट्टे घेऊन
इफेससला.
निलुफर नावाची मुलगी, हातात बंद छत्री उंच धरून
पुढे चालायची. मागे आम्ही, आमच्यामागे मांजरं.
ग्रंथालयासमोर सगळ्यांनी फोटो काढले.
संगमरवरी संडासांत त्याहून जास्त,
कारखानीस तर बसूनच दाखवत होते.
मी खाली बघत होते. सवय.

बंदराचा रस्ता रुंद आहे. दोन्हीकडे खांब,
फरशी पावलांनी गुळगुळीत.
सरळ जातो आणि थांबतो.
पुढे बंदर नाही. लव्हाळं, बेडूक, डास.
नदीनं गाळ आणला, निलुफर म्हणाली,
दर वर्षी थोडा थोडा. लोकांनी उपसून पाहिला.
समुद्र मागे मागे गेला, मग लोकही गेले.
"पण हल्ला वगैरे? कोणी जाळलं असेल ना?"
कारखानिसांना कोणीतरी हवं होतं.
हल्लेही झाले, ती म्हणाली, पण त्यातून उठले होते.
खापर फोडायला डोकं लागतं.
नदीला कुठलं?

तेव्हाच दिसला. खांबाच्या बुडाशी,
गवतात अर्धा. तोच कान.
तीच जाडी, अंगठा दाबून केलेली तीच खळी.
उचलायचा नसतो, मला कोणी सांगायला नको.
वाकले, बोट ओलं केलं,
त्याच्यावरून फिरवलं आणि जिभेला लावलं.
रखवालदारानं शिट्टी मारली.
माती. थोडी खारट, किंवा माझंच बोट खारट.
कशाशी ताडायची?
मी फक्त रेघा ओढलेल्या.
चव शनाभाईंच्या तोंडात होती
आणि शनाभाईंना जाऊन अकरा वर्षं झाली.

पणजीच्या मागे आपल्याकडे खापरपणजी येते.
नाव कोणाला माहीत नसतं.
कधी कोणाच्या कपाळात, कधी हनुवटीत
तुकडा तेवढा निघतो.

परत आल्यावर अकोट्याला गेले.
जिथून पोतं आलं तिथे पार्किंग, वर सात मजले,
वॉचमननं विचारलं, कोणाकडे?
मग विभागात. मैत्रेय म्हणून नवा मुलगा आहे,
भला आहे, हातमोजे घालतो, मलाही दिले.
पेटी निघाली, पेटीतला कान निघाला.
त्याच्यावर काळ्या शाईत नंबर,
सातच्या पोटात आडवी रेघ. माझं अक्षर.
म्हटलं, बाळ, जरा पाणी आणतोस?
कूलर जिन्याखाली आहे, वेळ लागतो.

दार लोटलं गेलं. हातमोजा काढला.
चाटला.

वार्निश.
नंबर पुसू नये म्हणून फासलेलं,
चाळीस वर्षांपूर्वी, मीच.

जिन्यावर पावलं वाजली तशी
मी तुकडा उलटा केला.